हत्ती कापायचा कसा?

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. मुलाबाळांच्या हौसेला तर नाहीच नाही! स्नानसंस्कार, वाढदिवस, प्रथम ख्रिस्तप्रसाद, उन्हाळी शिबिराचा शेवटचा दिवस, निमित्त कोणतेही असो, हल्ली टेबलाच्या मधोमध केक असतो. तो नुसता गोल किंवा चौकोनी नसतो. तो फुटबॉलचे मैदान असतो, परीचा वाडा असतो, आगगाडी असतो. शेजारी त्याच रंगाचे कपकेक रांगेने मांडलेले असतात. हा 'थीम केक' पाहून आपल्यापैकी काही जण "किती सुंदर!" म्हणतात, तर काही जण मनातल्या मनात किमतीचा अंदाज बांधतात. आम्ही दोन्ही केले आहे.

केकसारख्या क्षुल्लक गोष्टीत नीतीचा प्रश्न तो कसला, असे कुणालाही वाटेल. पण आपण मुलांना जे शिकवतो, त्यातले बरेचसे अशा क्षुल्लक गोष्टींतूनच शिकवत असतो. उपदेश ती विसरतात. आपण कोणासाठी काय केले आणि का केले, हे मात्र त्यांच्या लक्षात राहते. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे वाटले.

गोष्ट आमच्याच घरातली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आमची धाकटी लेक पाच वर्षांची होणार होती. केक कसला हवा, असे विचारताच ती म्हणाली, "माझा हत्ती." हत्ती म्हणजे तिच्या उशाशी झोपणारा कापडी हत्ती. धुऊन धुऊन त्याचा करडा रंग जांभळट झाला होता. एक कान उसवला होता आणि पुन्हा शिवताना तो दुसऱ्यापेक्षा लहान झाला होता. "कान पण तस्साच हवा," अशी अटही होती. असा हत्ती कोणत्या दुकानात मिळणार? तेव्हा आम्ही तो घरीच करायचे ठरवले.

आमच्याकडे तेव्हा ओव्हन नव्हता. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, झाकणाची शिट्टी आणि रिंग काढून आजीने दोन केक भाजून दिले. मोठा अंगासाठी आणि लहान डब्यातला डोक्यासाठी. कडेच्या तुकड्यांतून सोंड आणि पाय निघाले. कानांना दोन मारी बिस्किटे लावली, त्यातल्या एकाची कड जपून खरवडली. लोणी आणि पिठीसाखर फेटून केलेल्या क्रीममध्ये काळा रंग घातला, तर ते करडे होण्याऐवजी जांभळट झाले. आम्ही हिरमुसलो. लेकीने मात्र टाळ्या वाजवल्या. तिचा हत्ती जांभळटच होता ना!

संध्याकाळी गल्लीतली बारा-तेरा मुले जमली. गाणे झाले, मेणबत्त्या विझल्या, सुरी लेकीच्या हातात दिली. तिने ती खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरून केकपुढे उभी राहिली. "माझा हत्ती कापायचा नाही!" मोठी माणसे हसली. एक काका म्हणाले, "अगं, आधी फोटो काढू, मग कापू." दुसऱ्या कुणी सुचवले, "हा राहू द्या, बाजारातून दुसरा आणतो." तिच्या डोळ्यांत पाणी आले. मुले ताटकळत उभी होती.

खरे सांगायचे तर तिचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ज्याच्यावर तिचा जीव, त्याचे रूप आम्हीच त्या केकला दिले होते. आणि आता त्याच्याच पोटात सुरी घाल, असे आम्हीच तिला सांगत होतो. पाच वर्षांच्या मुलीला हे कसे पटावे?

आजी तिच्याजवळ जाऊन बसली. तिने समजूत घातली नाही, ती रागावलीही नाही. तिने एवढेच विचारले, "हत्तीचा लहान कान कुणाला द्यायचा गं?" लेक थांबली. तिने सगळ्या मुलांकडे एकदा पाहिले आणि मागच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातल्या मुलाकडे बोट दाखवले. तो तिच्याबरोबर बालवाडीत जात असे. मग सोंड कुणाला, शेपूट कुणाला, हे तीच ठरवू लागली. दहा मिनिटांत हत्ती संपला. स्वतःसाठी तिने एक पाय ठेवला होता, आणि तो खाताना ती सर्वांत खुशीत होती.

त्या रात्री भांडी घासताना आम्हाला जाणवले की आजीने केक कापण्याचा प्रश्न बाजूला ठेवून देण्याचा प्रश्न पुढे केला होता. सुरी तीच, केकही तोच. पण 'मोडायचे' म्हटले की हात मागे येतो आणि 'द्यायचे' म्हटले की पुढे जातो. काही सुंदर वस्तू जपून ठेवण्यासाठी असतात, काही संपण्यासाठीच असतात. दारापुढची रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, म्हणून कुणी ती काढायचे सोडत नाही. केकही तसाच. तो खाल्ला गेला नाही, तर त्याचे सौंदर्य वाचत नाही, वाया जाते.

एवढे कळल्यावर आम्ही शहाणे झालो असू, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही.

पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, आम्ही एका परिचितांच्या मुलाच्या वाढदिवसाला गेलो. तिथे तीन मजली केक होता. घरी येताना आम्ही दोघेही काही बोललो नाही, पण दोघांच्या मनात एकच विचार होता. लेकीचा वाढदिवस जवळ आला. ती पुन्हा हत्तीच म्हणत होती. "हत्ती झाला ना गेल्या वर्षी," असे म्हणून आम्ही परीचा वाडा मागवला. वजन तीन किलो, किंमत साडेचार हजार रुपये. वाड्याला फाँडंटचे बुरूज होते. फाँडंट म्हणजे कणकेसारखी मळून, लाटून केकवर पांघरलेली साखर. दिसायला सुबक, चवीला नुसती गोड. मुलांनी ती सोलून ताटलीच्या कडेला ठेवली. फोटो पुष्कळ निघाले. लेकीने सुरी घेतली आणि मुकाट्याने केक कापला. रडावे असे त्या वाड्यात तिचे काही नव्हतेच. उरलेला केक आठवडाभर फ्रीजमध्ये पडून होता, शेवटी टाकून दिला.

आणि तो कानवाला मुलगा आला नाही. त्याला ताप आहे, असा त्याच्या आईने निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गल्लीत चेंडू खेळताना दिसला. पुष्कळ दिवसांनी त्याची आई आजीपाशी बोलून गेली. एवढा मोठा समारंभ, एवढा मोठा केक, तिथे मुलाला साधी पेन्सिलपेटी घेऊन कसे पाठवायचे?

हे ऐकले आणि आमची मान खाली गेली. आम्ही त्याला आग्रहाने बोलावले होते. दार उघडेच होते. पण आमच्याच केकने त्या दाराचा उंबरठा उंच करून ठेवला होता.

मग चूक कशात होती? खर्चात? खर्च हे अर्धेच उत्तर आहे, असे आम्हाला वाटते. हा प्रश्न नवा नाही. ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेलेल्या अॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात खर्च करण्याच्या सद्गुणावर एक प्रकरणच लिहिले आहे. मोठा खर्च योग्य ठिकाणी, योग्य प्रमाणात आणि आनंदाने करणे याला तो सद्गुण मानतो. पैसा असूनही प्रत्येक ठिकाणी हात आखडणारा माणूस त्याला आवडत नाही. पण लहानशा प्रसंगी डोळे दिपवणारा खर्च करणाऱ्यालाही तो नावे ठेवतो. मित्रमंडळींच्या साध्या जेवणाला लग्नाच्या पंगतीचा थाट करणारा माणूस, हे त्याने दिलेले उदाहरण. असा माणूस त्या प्रसंगासाठी खर्च करत नाही, आपली श्रीमंती दिसावी म्हणून करतो. याच प्रकरणात त्याने लहान मुलाला द्यायच्या भेटीचाही उल्लेख केला आहे. एखादा सुंदर चेंडू किंमतीने अगदी थोडका असेल, पण लहान मुलासाठी ती थोर भेट ठरते, असे तो म्हणतो. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार घेऊन त्यावर विस्ताराने लिहिले.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या चेंडूशेजारी आमचा जांभळट हत्ती शोभला असता. परीचा वाडा मात्र मित्रमंडळींच्या त्या जेवणाच्या पंगतीत जाऊन बसला असता.

यावर कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला? केकच नको. तेवढे पैसे गरिबांना द्यावेत. हा आक्षेप आपण हलका मानू नये. भुकेल्याच्या ताटाचा विचार मनात येत नाही, त्याने आपल्या ताटाचा विचार करू नये. पण बेथानी गावातील त्या स्त्रीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तिने महागड्या सुगंधी तेलाची कुपी फोडून ते येशूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा तिथल्या काहींनी अशीच कुरकुर केली. तीनशे दिनारांहून अधिक किमतीचे ते तेल होते, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. येशूने त्या स्त्रीची बाजू घेतली. प्रेमाने केलेली उधळण कधी कधी योग्य असते, हे आपण यातून शिकतो. मात्र या गोष्टीचा आधार घेऊन आपण आपली प्रत्येक हौस पवित्र ठरवू शकत नाही. तिने कुपी फोडली. ती हातात धरून मिरवली नाही. ज्याच्यासाठी तेल होते त्याला ते सगळे मिळाले. गरिबांना कधी द्यायचे, हा प्रश्न तिथे संपला नाही आणि आपल्याही घरी तो संपत नाही. वाढदिवसाचा केक आणि अनाथाश्रमाचा डबा यांतील एकच निवडायचा, असे कुणी सांगितलेले नाही. दोन्हींचे प्रमाण मात्र आपल्याला ठरवावेच लागते.

दुसरा आक्षेप वेगळा आहे. घरी केलेला केक तेवढा चांगला आणि विकतचा वाईट, असे आम्हाला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. विरार लोकलमधून रात्री आठ-नऊला घरी पोहोचणाऱ्या आईने पहाटे चारला उठून स्पंज भाजावा, अशी अपेक्षा करणे हा अन्याय आहे. आणि कितीतरी भगिनी घरी केक करून संसाराला हातभार लावतात. त्यांच्या कष्टाचे योग्य मोल देऊन त्यांच्याकडून केक घेणे ही चांगलीच गोष्ट आहे. केक कोणत्या भट्टीत भाजला, यापेक्षा तो कोणाकडे पाहून केला, हे महत्त्वाचे. आपल्या मुलाकडे पाहून, की दुसऱ्यांच्या डोळ्यांकडे पाहून?

केकच्या इतिहासातही या दोन्ही वाटा दिसतात. १७४६ साली जर्मनीतील काउंट झिन्झेन्डॉर्फ यांच्या वाढदिवसाला भट्टीत मावेल एवढा मोठा केक केला होता, त्याला वयाच्या वर्षांइतकी भोके पाडून प्रत्येकात मेणबत्ती लावली होती, असे वर्णन आहे. म्हणजे मेणबत्त्यांचा थाट मोठ्या घरातला. पण साध्या घरातला केक हलका आणि सोपा झाला, त्यामागे वेगळी कथा आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. तिच्यासाठी त्यांनी आधी अंड्याशिवाय होणारे कस्टर्ड शोधले आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगवणारी बेकिंग पावडर तयार केली. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या त्या लहान डबीची सुरुवात 'हिला काय चालत नाही' या काळजीतून झाली आहे.

कपकेकचेही तसेच. त्याचे नाव १८२८ साली अमेरिकेत छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात सापडते. जिन्नस कपाने मोजायचे किंवा कपात भाजायचे, त्यावरून ते नाव पडले. आपल्या घरी वाटीने मोजतात, तेच हे. आणि मुलांच्या आकारांच्या केकसाठी प्रसिद्ध झालेले एक पुस्तक ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' या नियतकालिकाने काढले. त्याच्या मुखपृष्ठावर आगगाडीचा केक आहे, त्या गाडीच्या डब्यांत पॉपकॉर्न भरलेले आहेत. आत पोहण्याचा तलाव आहे, त्यात पाण्याऐवजी जेली. घरात असेल त्यातून केलेले हे केक आहेत, म्हणून पिढ्यानपिढ्या आयांनी ते करून पाहिले.

परीच्या वाड्यानंतरच्या वर्षी, २०१९ मध्ये, आम्ही केक कापलाच नाही. आजीने आणि आम्ही मिळून वीस साधे कपकेक भाजले आणि मुलांना निरोप पाठवला की भेटवस्तू आणायची नाही, आपापला कपकेक आपण सजवायचा, त्यासाठी घरात असेल ते एखादे चिमूटभर आणायचे. कुणी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या आणल्या, कुणी मनुका, कुणी चुरमुरे. मागच्या खोलीतला मुलगा या वेळी आला. त्याच्या आईने वाटीभर ओले खोबरे किसून त्यात पालकाचा रस घालून दिला होता. सगळ्यांच्या कपकेकवर तिचेच हिरवे गवत उगवले! ती स्वतःही दारापर्यंत आली आणि आजीने तिला हाताला धरून आत बसवले.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र आम्हाला जाणवली. कपकेकमध्ये न्याय आहे. प्रत्येकाला सारखा, कुणाला मोठा तुकडा नाही, कुणाला कमी क्रीम नाही. पण हत्तीच्या वेळी लेकीला जे करावे लागले होते, ते कपकेकच्या वेळी करावे लागले नाही. आपल्या आवडीचे काही मोडून दुसऱ्याच्या हातावर ठेवणे, हे सारख्या वाटणीत शिकायला मिळत नाही. मुलांना दोन्ही हवे. काही प्रसंगी सर्वांना सारखे मिळावे, काही प्रसंगी आपले काही कापून द्यावे लागावे. घराघरांतल्या लहान समारंभांत आपण हे दोन्ही त्यांना देऊ शकतो.

येत्या महिन्यांत आपल्यापैकी काहींच्या घरी वाढदिवस असतील, काहींच्या मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद असेल. हौस जरूर करावी. मुलाने आगगाडी मागितली तर आगगाडी करावी, मागवायची तर मागवावी. आम्ही आता केक ठरवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हे मुलाने मागितले आहे की आपण? बोलावलेल्यांपैकी हे पाहून कुणाला येताना संकोच वाटेल का? आणि हे सगळे खाल्ले जाईल का? तिन्हींचे उत्तर नेहमी मनासारखे येत नाही. पण प्रश्न विचारला की केक सहसा थोडा लहान होतो आणि घर थोडे मोठे.

आमची लेक आता स्वतः भाजते. गेल्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या सहलीसाठी तिला चोवीस कपकेक करायचे होते. मुलांना पक्षी दाखवायला नेणार होते, म्हणून प्रत्येकावर एक पक्षी काढायचा तिचा बेत होता. कोणता पक्षी, कोणता रंग, हे ठरवायला आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तिने पेन्सिल घेतली आणि कागदावर आधी मुलांची नावे लिहिली. मग एकेका नावापुढे लिहू लागली: हिला शेंगदाणे चालत नाहीत. ह्याला डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. बसवाल्या काकांच्या मुलीला अंडे चालत नाही.

पक्षी शेवटी ठरले.